खोडा गावाचा, पाय घरचा

गावचं संग्रहालय रिकामं करायला ट्रक यायचा होता, नेमका त्याच सकाळी ते सांभाळणाऱ्या बाईंचा पाय खोड्यात अडकला. मुद्दाम नव्हे. नंतर गावानं वाट्टेल ते म्हटलं, पण मुद्दाम अजिबात नव्हे.

झालं असं, की दोन पाहुणे आले. नवराबायको. खरं तर त्यांना बाथरूम हवं होतं आणि दार उघडं दिसलं म्हणून ते आत शिरले. पण बाईंना ते कोण सांगणार? इतक्या दिवसांनी संग्रहालयात माणूस दिसलं, तेही शेवटच्या दिवशी, म्हटल्यावर बाईंच्या अंगात संचारलं. जुनी वजनं झाली, विझलेले रस्त्यावरचे कंदील झाले, कुस्तीच्या आखाड्याचा फोटो झाला. बिचारा नवरा एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता. बाईंना वाटलं, उत्सुकता!

"आणि हा आमचा खोडा," बाई म्हणाल्या. "कचेरीचा हुकूम मोडला की माणसाला यात बसवायचे. थांबा, दाखवतेच."

खोडा म्हणजे दोन जाडजूड फळ्या, एकीवर एक. मधे पायांसाठी चार भोकं, एका टोकाला बिजागरी, दुसऱ्या टोकाला आरपार लाकडी खुंटी. बाई खाली बसल्या, पाय घातला, वरची फळी पाडली आणि शेजारचं जुनं वजन उचलून खुंटी ठोकली. एरवी एकच टोला मारायच्या. आज सगळा राग त्या खुंटीवर निघाला. दणादण चार बसले.

खुंटी काढायचं काम एरवी बाईंच्या नवऱ्याचं. पण संग्रहालय बंद करायचा हुकूम नगराध्यक्षांचा, नगराध्यक्ष म्हणजे त्याचा सख्खा धाकटा भाऊ. बायको की भाऊ, या भानगडीत पडायला नको म्हणून तो सकाळीच परगावी पसार झाला होता. शूर माणूस! तेव्हा पाहुण्यानंच खुंटीला हात घातला, दात-ओठ खाऊन ओढली आणि तिचं डोकं तुटून त्याच्या हातात आलं.

"सॉरी हं," तो म्हणाला. "बाथरूम कुठंय?"

तेवढ्यात ट्रक आला. हमालांचा मुकादम आत येऊन बघतो तर हॉलच्या मधोमध बाई जमिनीवर बसलेल्या.

"बाई, उठा. सामान गोदामात टाकायचंय. इथं अध्यक्षसाहेबांची व्यायामशाळा होणार."

"मला उठता आलं असतं तर तुला आत येऊ दिलं असतं का?"

मुकादमानं वाकून पाहिलं, डोकं खाजवलं. "मग बाईंसकट उचलू का?"

"उचलून तर बघ!" बाई म्हणाल्या. त्या आवाजात असं काही होतं, की दोन हमाल आपोआप मागे सरकले.

सुताराला बोलावणं गेलं. सुतार करवत घेऊनच आला. त्यानं फळीवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "वरची फळी कापतो. दहा मिनिटांचं काम."

"करवत खाली ठेव," बाई ओरडल्या. "खबरदार एक ओरखडा उठला तर! केवढं जुनं लाकूड आहे ते."

"अहो, पण तुमचा पाय?"

"पाय माझा आहे, घरचा. खोडा गावाचा आहे. एकवेळ पाय काप, पण खोड्याला हात लावायचा नाही."

सुतारानं करवत ठेवली. त्याच्या आयुष्यात असं गिऱ्हाईक आलं नव्हतं. मग त्यानं खुंटीत तेल सोडलं आणि म्हणाला, आता हे मुरू दे, मग खालून ठोकून बघू. मुरायला वेळ लागणार. हमाल पायरीवर टेकले.

आणि गावात बातमी फुटली. बाईंना खोड्यात घातलं! कुणी म्हणालं, दिरानं घातलं. कुणी म्हणालं, स्वतःच बसल्यात, उपोषणाला. बाईंच्या हातात चहाचा कप होता, पण उपोषणवाल्यांनी तिकडे कानाडोळा केला. दुपारपर्यंत हॉलमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. आणि माणसं नुसतं बाईंकडे तरी किती वेळ बघणार? ती इकडेतिकडे बघू लागली. न्हाव्याला आखाड्याच्या फोटोत आपला आजा सापडला, लंगोटावर. "अगं बाई, हा कंदील आमच्याच गल्लीतला!" असं कुणीतरी किंचाळलं. जन्मात जे या दारात फिरकले नव्हते ते "हात लावू नका हो" म्हणून एकमेकांना दटावू लागले. बाई जमिनीवर बसल्या बसल्या ओरडून माहिती देत होत्या. घसा बसला, पण चेहरा बघावा असा फुलला होता.

गर्दीतून वाट काढत बाईंच्या सासूबाई आल्या. संग्रहालयाचं आणि त्यांचं हाडवैर. सुनेचं लक्ष घरापेक्षा भंगारात, हे त्यांचं रोजचं म्हणणं.

"शोभतं का हे? पाय अडकवून घेतलास ना शेवटी? तरी मी सांगत होते..." एवढं बोलून त्या थांबल्या. भिंतीच्या फळीवर त्यांची नजर खिळली होती. "ती माझी घागर! गेली कित्येक वर्षं शोधतेय मी. मोलकरणीवर संशय घेतला बिचारीवर. तू चोरलीस?"

"आणली," बाई म्हणाल्या. "आई, खालची पाटी तरी वाचा."

सासूबाईंनी चष्मा चढवला. पाटीवर बाईंच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: 'ही रिकामी घागर एका तरुण सुनेने कचेरीत साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली आणि नळ मिळेपर्यंत उचलली नाही. गावातला पहिला नळ या घागरीमुळे आला.'

सासूबाईंनी पाटी दोनदा वाचली. मग पाटीवरची धूळ हातानं पुसली आणि जवळच्या स्टुलावर जाऊन बसल्या.

शेवटी नगराध्यक्ष अवतरले. "वहिनी, हा काय तमाशा? अहो, एरवी इथं कुत्रंसुद्धा येत नाही!"

"बघा की भाऊजी," बाई म्हणाल्या, "आत तरी या आधी. जागा असली तर."

दीर चरफडले. "सुतार, काढ ती खुंटी. काय वाट्टेल ते कर."

तेल मुरलं होतं. हमालांनी खोड्याचं टोक उचललं, सुतारानं खालून हातोडा घातला आणि तिसऱ्या टोल्याला खुंटी टुणकन वर उडाली. फळी उघडली. लोकांनी टाळ्या पिटल्या. बाईंनी पाय बाहेर काढला, चोळला.

"झालं? मिटलं?" नगराध्यक्ष म्हणाले. "मुकादम, भरा ट्रक. हा खोडा पहिला उचला."

बाईंनी एकवार सगळ्या भिंतींवरून नजर फिरवली. डोळे भरून आले होते, ते त्यांनी मनगटानं पुसले. मग त्या पुन्हा जमिनीवर बसल्या, एक नाही, दोन्ही पाय भोकांत घातले आणि वरची फळी स्वतःच्या हातानं खाली पाडली.

"मघाशी चुकून अडकले होते, भाऊजी. आता बसलेय. सुतारदादा, नवी खुंटी ठोका."

"वहिनी, माझा हुकूम आहे!"

"म्हणून तर! हुकूम मोडणाऱ्यासाठीच केलाय हा. वाचा याची पाटी."

"थांब गं," मागून आवाज आला. स्टूल सरकलं. सासूबाई गुडघा धरत धरत आल्या, सुनेच्या शेजारी बसल्या. "सुतारा, फळी उचल जरा. मलाही बसायचंय."

"आई! अगं, तू काय करतेस?"

"बाळ्या," सासूबाई भर गर्दीत म्हणाल्या, आणि नगराध्यक्षांचे कान लाल झाले. "माझी घागर गोदामात टाकायला निघालास? त्या साहेबाला जमलं नाही, तुला जमणारेय? उचल आता आम्हाला. बघू किती ताकद आहे तुझ्यात. मोठा आलाय व्यायामशाळावाला!"

लोक असे हसले, की खिडक्यांच्या काचा वाजल्या. मुकादमानं सरळ हात वर केले. "साहेब, दोघींचा भार आपल्याला नाही झेपायचा." सुतारानं तोवर चांगली घट्ट खुंटी बसवली होती. नगराध्यक्षांनी आईकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं. पुढची निवडणूक याच गर्दीत उभी होती.

"ट्रक परत घेऊन जा," ते कसेबसे म्हणाले. "व्यायामशाळा गोदामात करू."

एकच जल्लोष झाला. संध्याकाळी पांगापांग झाली. मुकादम ट्रक घेऊन गेला, त्याच ट्रकमध्ये बसून, हातोडा आणि करवत घेऊन, सुतारही घरी गेला. हॉलमध्ये उरली तिघं. त्यातली दोन खोड्यात.

"भाऊजी," बाई हळूच म्हणाल्या, "खुंटी."

नगराध्यक्षांनी कोट काढला, बाह्या सरसावल्या आणि गुडघ्यांवर बसून खुंटीत थेंब थेंब तेल सोडायला लागले. जरा वेळ वाट पाहिली, कंटाळले आणि जुनं वजन उचलून एक सणसणीत टोला हाणला.

"हळू, मेल्या!" सासूबाई कडाडल्या. "ऐतिहासिक आहे ते!"