दोन दांड्यांची खरखर

ज्ञानोबाचं पत्र गुढीपाडव्याच्या सुमारास आलं होतं. रेवणसिद्धप्पांनी ते वाचलं, घडी घातली आणि हातातल्या पुस्तकात खूण म्हणून ठेवलं. ते पुस्तक संपल्यावर पत्र दुसऱ्या पुस्तकात गेलं, मग तिसऱ्यात. दसरा तोंडावर आला तोवर पत्राचं बरंच वाचन झालं होतं. उत्तर मात्र गेलं नव्हतं.

पत्रात फार काही नव्हतं. 'लकव्यानं उजवा हात गेला. सूनबाईकडून लिहून घेतोय. गिटार घेऊन देगलूरला ये. आता तू वाजव, मी ऐकतो. फार दिवस लावू नको.' खाली फोन नंबरही होता. पण फोनवर तो "कधी येतूस?" म्हणाला असता, आणि त्यावर लगेच काहीतरी बोलावं लागलं असतं. उदगीरच्या वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्यात जन्म गेलेल्या रेवणसिद्धप्पांना लगेच बोलायची सवय नव्हती.

शिवाय गिटार खराब होती. ती साधी गिटार नव्हे. चार पायांवर टेबलासारखी उभी राहणारी, एका अंगावर दोन दांड्या असलेली, तारांवर पोलादी कांडी सरकवत वाजवायची जुनी स्टील गिटार. ज्ञानोबानं ती तरुणपणी हैदराबादहून आणली होती. लग्नांच्या ऑर्केस्ट्रात ज्ञानोबा ती वाजवायचा आणि रेवणसिद्धप्पा ती उचलायचे. उचलता उचलता एखादी धून तेही शिकले होते. ज्ञानोबा दुकान टाकायला देगलूरला गेला, तेव्हा म्हणाला, "तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे. खंडेनवमीला पूजा तेवढी चुकवू नको."

पूजा एकदाही चुकली नव्हती. वाजवणं राहून गेलं होतं. आता तार छेडली की सुरामागून खर्रर्र आवाज यायचा. मित्राची ठेव आपण बिघडवली, आणि त्याच्या कानावर जाणारा हा बहुधा शेवटचाच सूर असणार, या विचारानं त्यांना जेवण जाईना.

अखेर त्यांनी पाना हाती घेतला. एक पाय डुगडुगत होता, तो घट्ट पिळला. पाय आत गेला आणि आखूड झाला. गिटार कलली, कांडी घरंगळली आणि नेमकी त्यांच्याच अंगठ्यावर पडली. मग बाकीचे तीन पायही पिळले. एका पायाची पट्टीच उखडून हातात आली.

"अवो, काय करून राहिलाव?" त्यांच्या पत्नी लक्ष्मम्मा आतून आल्या.

"दुरुस्ती."

"कुणाची?"

रेवणसिद्धप्पांनी अंगठा चोळला.

गल्लीच्या तोंडाशी सोमेशचं मोटारसायकलीचं गॅरेज होतं. बोलावल्यावर तो आला, गिटारीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "काका, इस्त्रीचं टेबल लई भारी हाय. तारा कशाला लावल्याव?"

"वाजवायचं वाद्य आहे ते."

"असं व्हय! मग हॉर्नवानी असंल. द्या इकडं."

त्यानं पट्टी बसवली, तारांच्या चाव्या आवळल्या, दिसेल तो स्क्रू पिळला. एका स्क्रूचं डोकंच तुटलं. "त्याची फिकीर करू नका, तसा बी जास्तीचाच व्हता," म्हणाला. शेवटी गिटारीला धरून गदागदा हलवलं. वरचं काही हललं नाही. "आता खडखड करायची हिंमत न्हाई हिची."

रेवणसिद्धप्पांनी तार छेडली. खर्रर्र.

"हिच्या पोटातच काय तरी हाय," सोमेश म्हणाला आणि दुकानात गिऱ्हाईक थांबलंय म्हणून निघून गेला.

मग रेवणसिद्धप्पांनी आवळलेलं सगळं पुन्हा सैल केलं. ऐकून बघितलं, पुन्हा आवळलं. खरखर वाढली नाही, कमी झाली नाही. ज्ञानोबाला काय कळवायचं? 'तुझी गिटार माझ्याजवळ खराब झाली' असं? निजायच्या आधी त्यांनी पत्र नव्या पुस्तकात ठेवलं.

सकाळी उठून बघतात तो पाना जागेवर नाही. तो देवापुढं पाटावर होता. शेजारी स्क्रूड्रायव्हर, विळी, कात्री, अडकित्ता. सगळ्यांना हळदकुंकू लागलेलं.

"खंडेनवमी हाय आज," लक्ष्मम्मा म्हणाल्या. "पूजेचं अवजार उचलायचं न्हाई. उद्या उचला."

"मला आजच..."

"सहा महिने बसला न्हवं? आजचा दिस अजून बसा."

लक्ष्मम्मांनी गिटारीलाही कुंकू लावलं, झेंडू वाहिला आणि मूठभर अक्षता टाकल्या. तारांच्या टोकाला पत्र्याचं झाकण होतं. त्याच्या फटीतून एक दाणा आत गेला आणि टिक असा वाजला.

रेवणसिद्धप्पा खाली बसले.

दिवसभर ते त्या झाकणाकडं बघत राहिले. आत काय आहे ते कळलं होतं, आणि पाना पाटावर होता. लक्ष्मम्मा दोनदा चहा विचारून गेल्या. त्यांना ऐकू आलं नाही.

दसऱ्याला पूजा उचलल्यावर त्यांनी पहिल्यांदा झाकण उघडलं. पिवळे, काळे पडलेले, कीड लागून भुगा झालेले तांदूळ भसाभसा बाहेर आले. वाळका झेंडू, कुंकवाचे गोळे. तारा थरथरल्या की हे सगळं पत्र्यावर नाचत होतं. जितक्या खंडेनवम्या, तितके थर.

"अय्यो!" लक्ष्मम्मांनी तोंडावर हात ठेवला. "ह्ये मी केलं?"

"मीही केलं. त्यानं पूजा करायला सांगितलं होतं. वाजवू नको म्हणाला नव्हता."

सगळं झटकून त्यांनी झाकण बसवलं आणि दोन्ही दांड्यांवरून ती जुनी धून वाजवली. खरखर गेली होती. सूर अगदी स्वच्छ येत होता, इतका स्वच्छ की प्रत्येक चूक वेगळी ऐकू आली. कांडी भलतीकडं थांबत होती, हात थरथरत होता. आजवर यातलं बरंचसं त्या तांदळांनी झाकून घेतलं होतं.

लक्ष्मम्मांनी सांडलेला भुगा सुपलीत भरला. मग म्हणाल्या, "गिटार नीट झाली म्हणायची."

"हो. गिटार झाली."

"मग ज्ञानोबाभावजींना कळवा की. त्येंच्या हातात ऐकायचंच तेवढं ऱ्हायलंय. त्येंना का तुमची परीक्षा घ्यायचीय?"

रेवणसिद्धप्पांनी जुनं, कोरं पोस्टकार्ड शोधलं. 'ज्ञानोबा, गिटारीत काही दोष नाही. दोष माझ्या हातात आहे. तोच घेऊन येत्या गुरुवारी येतो. आधीच हसून घे, म्हणजे समोर हसू येणार नाही.'

टपालपेटीच्या फटीत कार्ड अर्धं घातल्यावर ते थांबले. 'त्याला आवडलं नाही तर?' परत घ्यावं का, असा विचार करत उभे राहिले. पण कार्ड धरलेला हात थरथरत होताच. कार्ड सुटलं आणि आत पडलं.