पहिल्या पत्नीचा शोध

संजीव दाते यांनी अमेरिकेत, आमच्या काउंटीच्या म्हणजे जिल्ह्याच्या रस्ते खात्यात सव्वीस वर्षं पूल तपासले आणि बासष्टाव्या वर्षी रीतसर पेन्शनचा अर्ज केला. अर्जात दोन पर्याय होते. पहिल्यात पेन्शन जरा कमी, पण नवरा गेल्यावर त्यातली निम्मी बायकोला तहहयात. दुसऱ्यात पूर्ण पेन्शन, जी नवऱ्याबरोबरच संपते. दुसरा पर्याय घ्यायचा तर बायकोने नोटरीसमोर लेखी संमती द्यावी, असा नियम होता. तो कोणी केला असेल त्याला मराठी घराचा अनुभव नव्हता.

नोटरी मी. बेलव्ह्यूला राहतो, महाराष्ट्र मंडळाचा खजिनदार आहे आणि ओळखीच्यांना शिक्का फुकट मारून देतो. संजीव आणि पद्मिनीवहिनी शनिवारी आले. त्याने दुसरा पर्याय निवडला होता. फॉर्मवर बोट ठेवून तो "इथे सही कर" म्हणाला, वहिनींनी सही केली आणि आमच्याकडच्या थालीपिठाची कृती विचारली. मी शिक्का मारला. सगळं मिळून चार मिनिटं लागली, त्यातली तीन थालीपिठाला.

तीन आठवड्यांनी पेन्शन फंडाचं पत्र आलं. "आपल्या पत्नी उल्का गोसावी यांची संमती मिळालेली नाही. सोबतची संमती पद्मिनी दाते या त्रयस्थ महिलेची आहे. सदर महिलेविषयी फंडाला काहीही मत नाही."

घोळ असा की नोकरीला लागताना संजीवने लग्नाचा दाखला दिला होता, आणि आपल्याकडे दाखल्यावर नाव माहेरचं असतं. लग्नात त्याच्या आत्याने उल्का हे नाव नापास केलं. उल्का पडते, आणि पडणारं नाव घरात नको, असं आत्याचं म्हणणं होतं. म्हणून ताटात तांदूळ पसरून, अंगठीने त्यात पद्मिनी लिहून, वधूला नवं करून घेतलं. पासपोर्ट निघाला तो पद्मिनीच्या नावाचा.

संजीवने हे सगळं फंडातल्या बाईंना फोनवर इंग्रजीत समजावलं. बाईंनी शांतपणे नोंदी घेतल्या. नाव बदलल्याचा कोर्टाचा हुकूम आहे का? नाही. मग कशावर लिहिलं होतं? तांदळावर. ते तांदूळ सादर करता येतील का? संजीव म्हणाला की त्यांचा त्याच दिवशी भात झाला. बाईंनी तेही लिहून घेतलं.

नियमाप्रमाणे आता उल्का गोसावी यांनी दहा वर्षांच्या आतलं ओळखपत्र घेऊन संमती द्यायची होती. असं ओळखपत्र जगात नव्हतं. मात्र फंड अडवणूक करणारा नव्हता. पत्नी सापडत नसेल तर "बेपत्ता पत्नी" नावाचा सात पानी फॉर्म भरावा, शोध घेतल्याची शपथ घ्यावी, म्हणजे तिच्या संमतीची गरज उरत नाही, असं बाईंनी सुचवलं. पुढच्या महिन्यापासून पेन्शन हवी होती. संजीव फॉर्म घेऊन माझ्याकडे आला आणि पहिल्या पानावरच अडला.

बेपत्ता व्यक्तीचं शिक्षण? त्याने "ग्रॅज्युएट" लिहिलं. विषय? त्याने माझ्याकडे पाहिलं. पूर्वीची नोकरी, जवळच्या मैत्रिणी, छंद, सगळे रकाने कोरे. तिसऱ्या पानावर सूचना होती की बेपत्ता व्यक्तीला ओळखू शकेल अशा माणसाची चौकशी करावी. असं माणूस माझ्याच सोफ्यावर बसलं होतं. माझ्यादेखत संजीवने पेन सरसावून आपल्या बायकोची चौकशी सुरू केली.

वहिनींनी नीट उत्तरं दिली. एम.एस्सी., संख्याशास्त्र. साताऱ्याहून पुण्यात येऊन विमा कंपनीत नोकरी, काम कोण किती वर्षं जगेल याचा अंदाज काढण्याचं. इथे आल्यावर नऊ वर्षं व्हिसा नोकरी करू देईना, तोवर मुलं झाली, मग रविवारची मराठी शाळा.

"बेपत्ता व्यक्ती शेवटची केव्हा दिसली?" संजीवने वाचलं.

"मुंबईच्या एअरपोर्टवर, इमिग्रेशनच्या लाइनीत," वहिनी म्हणाल्या. "तू म्हणालास, फॉर्म मी भरतो, तू फक्त सही कर."

संजीवने तेही इमानदारीत लिहून घेतलं. मग वहिनींनी हात पुढे केला आणि फंडाकडून परत आलेला, आधी स्वतः सही केलेला फॉर्म मागितला. चष्मा लावून वाचला. दोनदा वाचला.

"म्हणजे तू गेल्यावर मला शून्य."

"अगं, पण तोपर्यंत दर महिन्याला जास्त येतात ना. आणि मी काय लगेच चाललोय का, यार?"

"तू बासष्ट, मी छप्पन्न. हेच काढायची मी रोज. सरासरीने मला नऊ वर्षं एकटीला काढायचीत, संजीव." त्यांचा आवाज चढला नव्हता. मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही यावर शिक्का मारलात. वाचलं होतंत?"

मी म्हणालो, नोटरी मजकूर वाचत नसतो, सही करणाऱ्याची फक्त ओळख पटवतो.

"पटली होती?"

खरं सांगायचं तर मला लाज वाटली. बावीस वर्षं मी त्यांच्या हातच्या पुरणपोळ्या खात आलो आहे.

त्याच संध्याकाळी वहिनींनी फंडाला चार ओळींचं पत्र पाठवलं. मी उल्का गोसावी, सापडले आहे. माझी संमती नाही. ओळखपत्र अर्थातच जोडलेलं नव्हतं. संजीवला वाटलं, फंड हे पत्र केराच्या टोपलीत टाकेल. पण फंडाचं उत्तर दोन दिवसांत आलं: ओळख पटवण्याची अट फक्त होकाराला लागू आहे, नकाराला नाही. पहिला पर्याय कायम करण्यात येत असून पतीच्या पश्चात निम्मी पेन्शन उल्का गोसावी यांना तहहयात मिळेल. उल्काबाईंवर ती वेळ आली की ओळखीसाठी तांदूळ वगळता कोणताही पुरावा चालेल.

संजीव अजून मला म्हणतो की त्याने तेव्हाच दुसऱ्या नोटरीकडे जायला हवं होतं.

मंडळात ही गोष्ट पसरली आणि पुढच्याच रविवारी अकरा गृहस्थ मला एका बाजूला घेऊन हळूच विचारू लागले की संमतीची भानगड टाळायला तो बेपत्ता पत्नीचा फॉर्म कुठे मिळतो. मी प्रत्येकाला एक प्रत दिली आणि पहिलं पान बायकोला न विचारता भरून आणा म्हटलं. दोन महिने झाले, एकही परत आलेला नाही. बारावी प्रत माझ्या घरी आहे. तिच्यावर मी आमच्या हिचं फक्त नाव लिहिलंय, आणि तेही सासरचं.

तुम्ही वाचताना हसलात, म्हणून तेरावी तुमच्यासाठी काढून ठेवली आहे. पेन घ्या. बायको स्वयंपाकघरात असेल तर दार लोटून घ्या.