नऊ सेकंदांचं ऐक्य

चष्म्याच्या दुकानाचा परवाना दर तीन वर्षांनी नव्याने काढावा लागतो. त्यासाठी आजवर अकरा कागद लागत. या वर्षी बारावा वाढला. त्याचं नाव ‘राष्ट्रीय ऐक्य प्रमाणपत्र’. देशात राजकीय फूट आणि द्वेष फार वाढल्याचं सरकारच्या लक्षात आलं होतं, आणि सरकारच्या लक्षात एखादी गोष्ट आली की तिचा अर्ज निघतो.

चष्मेवाल्याला बारांतला हाच कागद सर्वांत सोपा वाटला. बाकीच्यांत एक आग न लागल्याचा होता, एक उंदीर नसल्याचा. त्या मानाने ऐक्य म्हणजे अगदीच हातचा मळ. शिवाय ते त्याच्याकडे तयार होतं. चोवीस वर्षं तो एकाच गाळ्यात घड्याळवाल्याबरोबर बसत होता. डावीकडे चष्मे, उजवीकडे घड्याळं, मधे कमरेएवढं काचेचं कपाट. बारीक पेचकसांचा एकच संच आणि डोळ्याला लावायचं एकच भिंग दोघांत होतं. या वस्तू दिवसभर कपाटावरून इकडून तिकडे फिरत. कोणाच्याही हातून स्क्रू निसटला की दोघंही गुडघ्यांवर येऊन फरशी चाचपत, आणि ज्याला सापडे तो दुसऱ्याला दिवसभर ऐकवी.

मतांचा प्रश्न नव्हता असं नाही. चष्मेवाला बादली पक्षाचा होता आणि घड्याळवाला छत्री पक्षाचा. एका पक्षाला पाऊस साठवायचा होता, दुसऱ्याला अडवायचा. पाऊस पडेल की नाही याबद्दल दोन्ही पक्ष गप्प होते. मतदानाच्या दिवशी दोघं मित्र शटर अर्धं ओढून बरोबर जात, एकमेकांचं मत खोडून काढत आणि कोपऱ्यावर चहा पिऊन परत येत.

“आपल्या दोघांचा मिळून देशाला त्रास शून्य,” घड्याळवाला दर वेळी म्हणे. चष्मेवाला दर वेळी हसे.

ऐक्य कक्ष पहिल्या मजल्यावर होता. तिथे तीन टेबलं होती. पहिल्यावर पाटी होती ‘विभाजन नोंदणी’, दुसऱ्यावर ‘द्वेष पडताळणी’ आणि तिसऱ्यावर ‘ऐक्य’. चष्मेवाला मित्राला घेऊन सरळ तिसऱ्या टेबलाकडे निघाला, तेव्हा पहिल्या टेबलावरच्या लिपिकबाईंनी पट्टी टेबलावर आपटली.

“इकडे, इकडे! आधी विभाजन.”

“आम्हाला ऐक्य हवंय.”

“सगळ्यांनाच हवंय, काका. कोणाशी हवंय?”

“यांच्याशी.”

“यांचा द्वेष करता?”

“छे हो! चोवीस वर्षं शेजारी बसतोय आम्ही.”

बाईंनी पेनाचं टोपण परत लावलं. “मग नाही मिळणार. द्वेषावर मात करून जे साधतं ते ऐक्य, असं शासन निर्णयात लिहिलंय, परिच्छेद चार. तुमच्याकडे मात करायलाच काही नाही. शिक्का मारू कशावर?”

“पण आम्ही आधीपासूनच एक आहोत!”

“ते अनधिकृत आहे.”

घड्याळवाल्याने शांतपणे विचारलं, “गावात एवढी भांडणं आहेत, बाई. त्यांना का नाही बोलवत?”

“ते कशाला येतील? त्यांना वेळ असतो का? इथे येतात ती तुमच्यासारखीच न भांडणारी माणसं. आणि आम्हाला उद्दिष्ट आहे चार हजार जोड्यांचं. कच्चा माल आणायचा कुठून?” बाई खरोखरच त्रासल्या होत्या. मग त्यांचा चेहरा उजळला. “तुमचे पक्ष तरी वेगळे आहेत ना?”

“आहेत.”

“बरं झालं बाई. निम्मं काम झालं.”

त्यांनी दोघांपुढे एकेक अर्ज सरकवला. पहिलाच रकाना होता ‘द्वेषपात्र व्यक्ती’.

“हा रकाना सोपा आहे,” बाई म्हणाल्या. “येताना प्रत्येक जण सांगतो, मी कोणाचाच द्वेष करत नाही. पेन हातात आलं की अर्ध्या मिनिटात लिहून मोकळा. काहींना तर जागा पुरत नाही. पुरवणी छापून घ्यावी लागली.”

दोघांनी एकमेकांची नावं लिहिली.

“वाईट वाटून घेऊ नकोस रे,” चष्मेवाला कुजबुजला.

“वाईट कसलं? हाताशी तूच होतास.”

मंगळवारी अकरा वाजता द्वेष पडताळणी निरीक्षक गाळ्यावर आले. त्यांचं दुर्दैव असं की त्याच क्षणी भिंग कपाटावरून पलीकडे चाललं होतं आणि त्याला दोघांचेही हात लागलेले होते. निरीक्षकांनी तिथल्या तिथे लिहिलं : ‘स्थळपाहणीत संशयास्पद सलोखा आढळला.’

“साहेब, एक भिंग दोघांत वापरतो, एवढंच,” चष्मेवाला म्हणाला.

“तेच तर. आठ दिवसांत मधे प्लायवूडची भिंत घाला, छतापर्यंत. आणि प्रत्येकाने दुसऱ्यावर सात आरोप करायचे, बंद पाकिटात.”

“राजकीय चालतील?”

“सहा चालतील. ते सगळ्यांचे सारखेच असतात, लोक वर्तमानपत्रातून उतरवून आणतात. पण सातवा स्वतःचा हवा, आणि खरा हवा. खोटा आरोप करणं बेकायदा आहे.”

भिंत आठवड्यात उभी राहिली. ती उभी राहिली तेव्हा भिंग डावीकडे होतं आणि पेचकस उजवीकडे. म्हणजे चष्मेवाल्याला स्क्रू दिसत होता पण फिरवता येत नव्हता, आणि घड्याळवाल्याला फिरवता येत होता पण दिसत नव्हता. प्रमाणपत्र मिळेपर्यंतचाच प्रश्न आहे, असं भिंतीच्या दोन्ही बाजूंनी मोठ्याने म्हटलं गेलं.

घरी सहा आरोप पाच मिनिटांत लिहून झाले. सातव्यापाशी चष्मेवाला अडला.

“काहीच सुचत नाहीये गं. माणूसच सरळ आहे.”

“अहो, ते घड्याळ!” बायको म्हणाली.

गाळा सुरू झाला त्या दिवशी मित्राने स्वतः जोडलेलं एक घड्याळ त्याच्या मनगटावर बांधलं होतं. ते रोज अकरा मिनिटं मागे पडे. आठवडाभरात दोनदा बस चुकल्यावर चष्मेवाल्याने ते घरच्या कपाटात ठेवलं होतं, आणि मित्राने विचारलं की ‘जपून ठेवलंय’ असं सांगत आला होता.

“ते कसं लिहू? त्याला लागेल ते.”

“चोवीस वर्षं जपताय. चालू असतं तर एव्हाना दोन महिने मागे गेलं असतं. खरा आरोप पाहिजे म्हणालेत ना? मग याच्याइतकं खरं आपल्या घरात दुसरं काही नाही.”

त्याने लिहिलं. लिहून झाल्यावर त्याला जरा बरं वाटलं. हे बरं वाटणं त्याला आवडलं नाही.

दुसऱ्या टेबलावर निरीक्षकांनी दोन्ही पाकिटं फोडून सर्वांदेखत वाचली. घड्याळ रोज अकरा मिनिटं मागे पडतं हे ऐकून घड्याळवाल्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मग त्याचं पाकीट निघालं. सातवा आरोप असा होता : ‘याने पहिल्याच दिवशी करून दिलेल्या चष्म्यातून मला आजपर्यंत काहीही दिसलेलं नाही. मी त्याच्या वरून बघतो.’

“वरून बघतोस?” चष्मेवाला म्हणाला. “आणि मला वाटायचं, तुझी तशी ढब आहे!”

“ढब कसली? मान दुखते माझी!”

“मग बोलला का नाहीस?”

“तुला वाईट वाटेल म्हणून.”

“आणि आता काय आनंद होतोय?”

“तू तरी कुठे बोललास? जपून ठेवलंय म्हणे! अरे, मी बायकोला कौतुकाने सांगायचो, मित्राने जपून ठेवलंय!”

“ते रोज मागे पडत होतं!”

“कारण तुझा नंबर चुकला होता. न दिसता जोडलेलं घड्याळ मागे पडणारच!”

“घड्याळ आधी दिलं होतंस तू! चष्मा नंतर!”

“चष्मा आधी!”

निरीक्षकांनी डोळे मिटून ऐकलं. “अस्सल,” ते म्हणाले, आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘उत्कृष्ट’ लिहिलं.

आधी चष्मा की आधी घड्याळ हा वाद संध्याकाळपर्यंत रस्त्यावर आला. बादलीवाल्यांनी चष्मा निर्दोष असल्याचं पत्रक काढलं. छत्रीवाल्यांनी घड्याळाच्या सन्मानार्थ सभा घेतली. दुसऱ्या आठवड्यात छत्रीवाल्यांनी तत्त्व म्हणून चष्मे काढून ठेवले आणि ते खांबांना, हातगाड्यांना आणि एकमेकांना नमस्कार करत फिरू लागले. बादलीवाल्यांनी घड्याळं सोडली. ते सगळीकडे उशिरा पोचत, आणि उशीर हा पुरोगामी विचार असल्याचं सांगत. शाळेत अर्धी मुलं दुपारी येऊ लागली, उरलेल्या अर्ध्यांना फळा दिसेना. चष्मेवाल्याचा दंतवैद्य बादलीचा होता, तो त्याच्या दाढेकडे ठरल्या वेळेनंतर चार दिवसांनी वळला. छत्रीच्या शिंप्याने एका गिऱ्हाइकाची बाहीच खिशाला शिवली.

ऐक्य कक्षात मात्र जिन्यापर्यंत रांग लागली. चार हजारांचं उद्दिष्ट नऊ दिवसांत पार पडलं. लिपिकबाईंनी चष्मेवाल्याला खास खुर्ची दिली. “काका, तुमच्यामुळे प्रभाग पहिला आला.”

चष्मेवाल्याला खुर्चीत बसवत नव्हतं. आदल्या दिवशी दुकानात त्याच्या हातून एक स्क्रू निसटला होता. तो गुडघ्यांवर आला, फरशी चाचपू लागला, आणि थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं की आपण थांबलो आहोत. पलीकडून कोणी गुडघ्यांवर आल्याचा आवाज येईल म्हणून. आवाज आला नाही. प्लायवूडच्या पलीकडे चाळीस घड्याळं टिकटिकत होती, एवढंच. परवाना मिळाला तरी या गाळ्यात बसायचं कोणाशेजारी, हा प्रश्न अर्जात कुठेच नव्हता.

समेटाचा समारंभ मोठ्या सभागृहात झाला. दोनशे जोड्या समोरासमोर उभ्या केल्या होत्या. ऐक्य अधिकाऱ्यांनी नियम वाचून दाखवले. आलिंगन नऊ सेकंदांचं असेल. आठव्या सेकंदाला सुटल्यास जोडी बाद आणि प्रक्रिया विभाजनापासून पुन्हा. वेळ शासकीय स्टॉपवॉचवर मोजली जाईल.

शिट्टी झाली. चारशे माणसांनी दात आवळून एकमेकांना मिठी मारली. स्टॉपवॉच सहा सेकंद चाललं आणि बंद पडलं.

अधिकाऱ्यांनी ते हलवलं, कानाला लावलं, टेबलावर आपटलं. काटा सहावर होता. “कोणीही सुटायचं नाही!” ते ओरडले. “अजून तीन सेकंद बाकी आहेत!”

पाच मिनिटं गेली. मग दहा. सभागृहात कोणाला तरी शिंक आली आणि ती दोघांनी मिळून दिली.

“सोड,” घड्याळवाला चष्मेवाल्याच्या कानात म्हणाला.

“तू सोड. मला परवाना पाहिजे.”

“ते स्टॉपवॉच कोणी दुरुस्त केलंय माहितेय?”

“तूच असणार. सहावर अडलंय म्हणजे तुझाच हात.”

“गेल्या आठवड्यात केलंय, भिंगाशिवाय. भिंग कोणी अडवलंय?”

चष्मेवाला म्हणाला, “खिशात आहे.”

“कशाला आणलंस?”

“तुझ्या तोंडावर फेकून द्यायला.”

घड्याळवाल्याने सुस्कारा टाकला. “मीही पेचकस त्यासाठीच आणलाय.”

अधिकारी स्वतः स्टॉपवॉच घेऊन आले. ऐक्याला खंड पडू नये म्हणून दुरुस्ती मिठीतच करायचं ठरलं. चष्मेवाल्याच्या खांद्यावर रुमाल पसरून त्यावर स्टॉपवॉच उघडलं गेलं. घड्याळवाल्याने त्याच्या पाठीमागून दोन्ही हात चालवले. चष्मेवाल्याला फक्त मित्राचा कान दिसत होता. त्याने हात वळवून भिंग अंदाजाने वर नेलं.

“वर. अजून वर. डावीकडे. अरे, नाक आहे ते!”

“मग सांग ना नीट!”

“सांगतोच आहे. चोवीस वर्षांत पहिल्यांदा सांगतोय, तर ऐकून घे. तुझा चष्मा भिकार आहे.”

“तुझं घड्याळही.”

“हो का? कपाटातून काढून आण उद्या. बघतो त्याच्याकडे.”

“आण म्हणे! तू नंबर तपासून घे आधी.”

घड्याळवाला हसला. हसताना त्याचा हात हलला, स्क्रू उडाला, आणि दोघंही सवयीने मिठीसकट गुडघ्यांवर आले. बाकीच्यांनी हा नियम असावा असं समजून गुडघे टेकले. स्क्रू चष्मेवाल्याला सापडला. “माझ्याकडे आहे!” तो इतक्या आनंदाने ओरडला की मागच्या रांगेत कोणी टाळ्या वाजवायला गेलं आणि बाद होता होता वाचलं.

काटा हलला. सात. आठ. नऊ. तीनशे अठ्ठ्याण्णव माणसं एकमेकांपासून अशी फेकली गेली की खुर्च्या पडल्या. दोन माणसं तशीच राहिली. निरीक्षकांनी नोंद केली : ‘जोडी क्रमांक एक, मुदतीनंतरही आलिंगन चालू. कारण विचारता हसण्यामुळे उत्तर देऊ शकले नाहीत. समज देण्यात आली.’

प्रमाणपत्र मिळालं, परवानाही मिळाला. भिंत मात्र नोंदीत असल्याने काढता येत नाही. ती काढायला ‘अविभाजन अर्ज’ लागतो आणि तो अजून छापलेला नाही. तेव्हा दोघांनी कमरेच्या उंचीवर भिंगाच्या मापाचं भोक पाडलं. भिंग जातं, पेचकस जातो, आणि चष्मेवाल्याने नंबर तपासून केलेला घड्याळवाल्याचा नवा चष्माही घडी घालून त्यातूनच गेला. रस्त्यावर वाद अजून चालूच आहे. दोघांनी जाऊन सांगितलं की आमचं मिटलं, तेव्हा दोन्ही पक्षांनी त्यांना गद्दार म्हटलं. या एका मुद्द्यावर त्यांचं एकमत झालं, आणि ऐक्य कक्षाने ते आपल्या खात्यावर धरलं.

महिन्याभराने लिपिकबाई चष्मा करून घ्यायला आल्या. परवाना तीन वर्षांचा असला तरी प्रमाणपत्राची मुदत वर्षाची आहे, याची त्यांनी आपुलकीने आठवण करून दिली. नूतनीकरणाला नवा द्वेष लागेल. जुना चालत नाही, तो मात केलेला असतो.

“आणि रकाना कोरा ठेवला तर?” चष्मेवाल्याने विचारलं.

“ठेवता येतो की. तोंडी ‘द्वेष नाही’ चालत नाही, कोरा रकाना चालतो, अशी तरतूद आहे. कोऱ्या अर्जाला पडताळणी नाही, रांग नाही, जागेवर प्रमाणपत्र.”

भोकातून घड्याळवाल्याचा आवाज आला. “मग आम्हाला आधी का नाही सांगितलं?”

“तुम्ही नावं लिहून मोकळे झालात, मी काय करणार? आजवर कोरा अर्ज एकही आलेला नाही.” बाईंनी नवा चष्मा नाकावर बसवला आणि दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. “पुढच्या महिन्यापासून अर्ज घरोघरी जाणार आहेत. लोक दार उघडून म्हणणार, आमच्या मनात काही नाही हो, द्वेष पसरवतात ते ‘ते लोक’. आणि मग ‘ते लोक’ लिहायला पेन मागणार.”

तेव्हा अर्ज तुमच्याही घरी येईल. घाई करू नका, रकाना कोरा ठेवायला पुरेसा वेळ दिलेला आहे. पण तुम्हाला नाव आत्ताच सुचलंय, नाही का?