कै. येसाजी साळिंदर यांचे कार्ड

मुलांनो, एका जंगलात एक छापखाना होता. जंगलात छापखाना कसा, असं विचारू नका. मग माकडाला चहाची टपरी कशी, तेही विचाराल, आणि गोष्ट राहील बाजूला.

तर त्या छापखान्यात कबड्डीपटूंची रंगीत कार्डं छापली जात. डिंकाची गोळी घेतली की एक कार्ड फुकट. गोळी चघळायची, कार्ड शेपटीखाली दाबायचं. पुढे छापखाना बंद पडला, गोळ्या बंद पडल्या आणि कार्डांना सोन्याचे दिवस आले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उंबराखाली जुन्या कार्डांचं प्रदर्शन भरू लागलं. आठ स्टॉल, एक चहावाला माकड, बाकी सगळे तज्ज्ञ.

त्या रविवारी येसाजी साळिंदर तिथे आले ते एकाच कार्डासाठी. स्वतःच्या.

हो, स्वतःच्या! तरुणपणी येसाजी एक मोसम कबड्डी खेळले होते. दम घेऊन पलीकडे जायचे, सातही जणांना हात लावायचे आणि रमतगमत परत यायचे. पकडायला कोण धजावणार? पुढच्या मोसमात काटेवाल्यांना बंदी आली. म्हणून त्यांची कार्डं निघाली अगदी मोजकी, आणि त्यांतलं एकही त्यांच्याकडे नव्हतं.

आणि घरी होत्या हौसाबाई. चाळीस वर्षं त्यांचं एकच वाक्य. "तुम्ही नि कबड्डी? पाटावरून उठताना दोनदा देवाचं नाव घेता!"

त्या सकाळी तर त्यांनी निर्वाणीचं सांगितलं. "आज पुरावा आणा. नाहीतर या बिळात पुन्हा कबड्डीचं नाव काढायचं नाही. पाहुण्यांपुढे तर नाहीच नाही!"

म्हणजे बघा, बिचाऱ्यांची उभी जवानी पणाला लागली होती.

कार्ड सापडलं केशरशेठ उदमांजराच्या स्टॉलवर. काचेच्या डबीत, कापसावर निजवलेलं.

"लांबून! लांबून बघा!" केशरशेठ ओरडले. "तुमचा एक काटा लागला की भाव निम्मा."

"कितीला दिलंत?"

"दोनशे कंद."

"अहो, डिंकाच्या गोळीवर फुकट मिळायचं हे!"

"तेव्हा खेळाडू जिवंत होता," असं म्हणून केशरशेठनी डबीवरच्या चिठ्ठीवर नख ठेवलं. 'कै. येसाजी साळिंदर. अस्सल.' खाली शास्त्रीबुवा घुबडांचा शिक्का.

"अहो, कै. काय कै.! येसाजी मीच!"

केशरशेठनी पटकन त्यांच्या तोंडावर पंजा ठेवला. चार काटे घुसले, तरी काढला नाही. "हळू बोला हो! गेलेला आहे म्हणून दोनशे. जिवंत निघालात तर उद्या गल्लोगल्ली सह्या करत सुटाल. मग कुत्रं तरी विचारेल का या कार्डाला?"

पण शेजारच्या स्टॉलवरच्या रानडुकरीणबाईंनी ऐकलंच. "जिवंत? अगं बाई! माझ्याकडे यांची तीन कार्डं आहेत हो! लेकीचं लग्न ठरवलंय त्यांच्या भरवशावर!" असं म्हणून त्या धाडकन आडव्या झाल्या.

झाला की गलका! शास्त्रीबुवांना ढोलीतून बाहेर काढलं. भर दुपार होती. घुबडच ते. त्यांनी एक डोळा उघडला, येसाजींच्या नाकाला चोच लागेपर्यंत पुढे झाले आणि म्हणाले, "मला तर इथे कोणीच दिसत नाही."

टाळ्याच टाळ्या! रानडुकरीणबाई उठून बसल्या.

"थांबा! खेळूनच दाखवतो," येसाजी इरेला पेटले. "कबड्डी, कबड्डी, कबड्..." तिसऱ्याला ठसका लागला. माकडाने पाणी दिलं.

"आमचे येसाजी असे खोकत नसत," शास्त्रीबुवा म्हणाले.

"तुमचे?" येसाजी किंचाळले. "आता घरोघर जाऊन सांगतो!"

तेव्हा मात्र केशरशेठनी डबी उचलली आणि त्यांच्या हातात कोंबली. "घ्या काका. फुकट घ्या. पण पाया पडतो, वारलेलेच राहा."

येसाजी नाचत घरी आले. हौसाबाईंनी चष्मा लावला, चिठ्ठी वाचली आणि पदर डोळ्यांना लावला. "म्हणजे खरंच खेळत होतात हो!"

"मग? चाळीस वर्षं काय सांगतोय?"

"तुमचं नुसतं सांगणं. हे लेखी आहे."

त्यांनी चिठ्ठी पुन्हा वाचली. मग येसाजींकडे बघितलं. मग पुन्हा चिठ्ठी. लेखी ते लेखीच. त्यांनी डबी कोनाड्यात ठेवली, वर रानफुलांचा हार घातला आणि म्हणाल्या, "जरा पाय जवळ घेऊन बसा. त्यांच्यासमोर असं पसरू नये."

पुढच्या प्रदर्शनाला हौसाबाई मानाच्या खुर्चीवर होत्या. शाल मिळाली, नारळ मिळाला. मग त्या दोन शब्द बोलल्या. "कबड्डी म्हणजे ह्यांचा जीव की प्राण. घरी दिवसभर तेच सांगायचे. ऐकतच राहावंसं वाटायचं."

खुर्चीमागे एक लठ्ठसे साळिंदर शाल, नारळ आणि पिशवी सांभाळत उभे होते.

"काकू, हे कोण?" माकडाने चहा देताना विचारलं.

"हे होय? पिशवी धरतात," हौसाबाई म्हणाल्या. "स्वभावाने चांगले आहेत. फक्त कबड्डीचा विषय काढू नकोस. काहीबाही सांगत बसतात."

तात्पर्य : मुलांनो, बायकोने आपलं खरं मानावं असं वाटत असेल, तर वेळेवर वारावं. ते जमत नसेल तर निदान तसा दाखला काढावा. नारळ मात्र दोन्ही हातांनी धरावा, जड असतो.