एक नग, पोर्तुगाल

प्राजक्ताने कपाटातून पोर्तुगालचा कागद काढला, तर तो वाकेचना! वर चकाकत होता, स्टीलच्या ताटासारखा.

"आबाऽऽ!"

पुनावळ्यातल्या त्या तीनमजली घरात हाक अशी गेली की खाली पार्किंगमध्ये बसलेले तिचे आजोबा, दत्तोबा, जिना चढून आले. तेही हसत!

"बघितलंस व्हय? लॅमिनेशन केलं! आता चहा सांड न्हाईतर पाण्यात बुडव. आपला सातबारा वाळवीनं खाल्ला, तवापास्नं मी कागद उघडा ठेवत न्हाई."

आता हा कागद म्हणजे काय, तर प्राजक्ताचं अख्खं फॉरेन! बीबीएची पोरगी, एक्स्चेंजवर एक सेमिस्टर लिस्बनला शिकणार. तिकडच्या युनिव्हर्सिटीची सही झालेली, शिक्का बसलेला आणि खाली एक चौकोन रिकामा. त्यात इकडच्या कॉलेजच्या सुहासिनी मॅडमनी सही करायची आणि स्कॅन आज चारच्या आत पाठवायचा. झेरॉक्सवर सही चालणार नाही, असं तिकडच्यांनी तीनदा लिहिलेलं. चार वाजून गेले की सीट दुसऱ्याला. आणि चौकोन प्लॅस्टिकच्या आत!

"रडतीस कशाला? पोर्तुगीज गेले ना एकदाचे इकडनं? मग तू कशाला त्यांच्या मागं चाललीस?" आबा म्हणाले.

तिने रावेतहून केयूरला बोलावलं. शाळेपासूनचा दोस्त, चाकणला प्लॅस्टिक मोल्डिंगच्या कंपनीत कामाला, आज साप्ताहिक सुट्टी. त्याने आधी हेअर ड्रायर मारला. काहीच नाही. मग इस्त्री फिरवली, तर प्लॅस्टिक सुटायचं सोडून इस्त्रीच कागदाला चिकटली! ती कशीबशी उपटली.

"कंपनीत हीट गन आहे," केयूर म्हणाला. "दोन मिनिटांत केळ्यासारखं सोलतो बघ!"

आबांना घरीच ठेवायचं ठरलं. पण गाडीची चावी आबांकडे. म्हणून आबाही निघाले. चाकण चौकात एका ट्रेलरच्या मागे पाऊण तास गेला, तेवढ्यात आबांनी ट्रेलरवाल्याचं गाव, पोरंबाळं सगळं विचारून घेतलं.

कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीचे कोंडीराम. रजिस्टर उघडून त्यांनी सावकाश लिहिलं, 'लॅमिनेटेड कागद, नग एक.' आत केयूरने हीट गन धरली आणि खरंच, सुर्रकन दोन्ही बाजूंचं प्लॅस्टिक निघालं! कागद थोडा चुरगळला, पण मोकळा! प्राजक्ता नाचत गेटवर आली.

कोंडीरामनी हात आडवा घातला.

"थांबा की. आत आला एक नग. भायेर चाललेत तीन."

"काका, कागद आणि त्याचंच प्लॅस्टिक आहे हो!"

"असंल. पर रजिस्टरात एकच हाय. उद्या ऑडिटवाल्यानं विचारलं, कोंडीराम, हे दोन नग कुठून आले, तर म्या काय सांगू?"

"मग प्लॅस्टिक इथंच टाकतो ना!" केयूर ओरडला.

"मग लॅमिनेटेड कागद भायेर गेलाच न्हाई. तो कुठंय?"

अडीच वाजले होते. प्राजक्ताच्या डोळ्यांत पाणी. शेवटी आबा पुढे झाले. त्यांनी कागद पुन्हा प्लॅस्टिकच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवला, घडी घातली आणि वरून रबर लावलं. "घ्या. एक नग!"

कोंडीरामना पटलं. "असं नियमानं बोला की!" नियमाप्रमाणे त्यांनी घडी उघडली, माल तपासला, शिक्का काढला आणि ठाप्पकन मारला. कुठे? त्या रिकाम्या चौकोनात! 'तपासले. बाहेर जाऊ द्यावे.' वर इंग्रजीत टपोरी सही, कोंडीराम.

गाडी तशीच कॉलेजकडे पिटाळली.

चारला दहा कमी असताना सुहासिनी मॅडमनी कागद पाहिला. चष्मा लावून पुन्हा पाहिला. "प्राजक्ता, माझ्या जागेवर हे कोण?"

"बाई, शिक्का हाय, सही हाय, भायेर जायची परवानगी हाय," आबा म्हणाले. "आणखी काय पायजे?"

प्राजक्ताने केयूरला पुढे करून त्याच्या कंपनीच्या गेटवरची सगळी हकिकत सांगितली. दुसरा कागद मागवायला पंधरा दिवस लागणार. मॅडमनी कपाळाला हात लावला, समासात जागा होती तिथे आपली बारीक सही कोंबली, आणि तीन अठ्ठावन्नला स्कॅन पाठवला. प्राजक्ताने केयूरचं मनगट इतकं दाबलं की त्याचं घड्याळ सुटून खाली पडलं.

सहा मिनिटांत उत्तर! मॅडम मोठ्याने वाचायला लागल्या.

"कागद मिळाला, प्राजक्ताची जागा पक्की—"

प्राजक्ताने किंकाळी मारून आबांना उचललंच! आबा हवेत असतानाच मॅडम पुढे वाचत होत्या.

"—प्रोफेसर कोंडीराम यांच्या सुवाच्य सहीबद्दल विशेष आभार. मात्र समासात कुणीतरी रेघोट्या ओढल्या आहेत. पुढच्या वेळी तेवढं टाळावं."

मॅडमनी ड्रॉवर उघडून आणखी चार पोरांचे असेच कागद काढले.

"माझी सही वाचता येत नाही म्हणून तिकडून आलेत परत," त्या हळूच म्हणाल्या. "केयूर, तुमच्या कोंडीराम सरांची शिफ्ट किती वाजता सुटते हो?"