मेट्रनबाईंनी उचललेलं पिल्लू

मेट्रनबाईंनी पिल्लू उचललं तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. मुलगा आणि सून दोघंही कामावर गेले होते, त्यामुळे त्यांना अडवायला घरात कोणी नव्हतं.

निवृत्तीनंतर मुलाकडे, या नव्या देशात येऊन त्यांना दोन महिने झाले होते. इथली भाषा कळत नव्हती, टीव्ही कळत नव्हता, रस्त्यावर माणूस दिसत नव्हतं. राहता राहिले मागच्या बागेतले पक्षी. स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्ची टाकून त्या रोज त्यांची हजेरी घेत. कोण कोणाशी भांडतं, कोण कोणाच्या तोंडचा घास पळवतं, सगळं त्यांना पाठ झालं होतं.

त्या दिवशी झुडपाखाली एक पिल्लू दिसलं. शेपटीचा पत्ता नाही, पिसं विस्कटलेली आणि चोच वासून आकांत चाललेला. बत्तीस वर्षं प्रसूती विभागात काढलेल्या बाईला तान्ह्याचं रडणं ऐकून धीर कसा धरवणार? त्या तशाच बाहेर पडल्या. तोच दोन करडे पक्षी किंचाळत अंगावर धावून आले.

"मेल्यांनो, लहान जीव दिसला की आलात टपून!" म्हणत त्यांनी दारामागचा झाडू घेतला आणि दोघांना पार कुंपणाबाहेर पिटाळलं.

पिल्लाची रवानगी बुटांच्या खोक्यात झाली. खाली मुलाचा मऊ बनियन, बाजूला गरम पाण्याची पिशवी. दुधात भिजवलेला पाव भरवला. दर अर्ध्या तासाला कागदावर नोंद: 'आवाज खणखणीत. शी झाली.'

बाहेर मात्र करडी जोडी परत आली होती आणि माणूस म्हणून जे दिसेल त्याला टोचत सुटली होती. पोस्टमनने पत्रं फाटकावरूनच आत भिरकावली. शेजारच्या आजी कपडे वाळत घालायला आल्या, त्या बादली डोक्यावर पालथी घालून घरात पळाल्या. संध्याकाळी मुलगा आला तो दोन्ही हातांनी टाळू झाकत.

"आई, बागेतल्या पक्ष्यांना झालंय काय? टाळूची चाळण केली माझ्या!"

"गुंड आहेत मेले. या बाळावर डोळा आहे त्यांचा."

"कुठल्या बाळावर?"

खोकं बघून मुलाने डोक्याला हात लावला आणि "स्स्स" करून लगेच काढला.

पक्ष्यांचा दवाखाना अजून उघडा होता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पिल्लू उलटसुलट करून पाहिलं, मुलाला दोन-तीन प्रश्न विचारले आणि मग न थांबता पाच मिनिटं बोलल्या.

"काय म्हणते?"

"म्हणते, पिल्लू ठीक आहे."

"एवढं बोलली, आणि तू दोन शब्दांत आटपलंस? मी डॉक्टरांच्या नुसत्या तोंडावरून निदान ओळखायचे. खरं सांग."

मुलगा नाइलाजाने म्हणाला, "पिल्लू पडलं नव्हतं, आई. उडायला शिकत होतं. या वयात ती दोन-चार दिवस जमिनीवरच असतात. आईबाप येऊन भरवून जातात."

"मग होते कुठे ते आईबाप?"

मुलगा फरशीकडे बघत पुटपुटला, "तू त्यांना झाडूने..."

मेट्रनबाई म्हणाल्या, "दोघांनाही?"

"दोघांनाही. आणि पक्ष्यांना दूध पचत नाही म्हणे."

बाईंच्या कानांच्या पाळ्या तापल्या. अनोळखी बाई वॉर्डात नुसती डोकावली तरी त्या तिला दारातूनच हाकलत. "म्हणजे मी मूल पळवलं," त्या हळूच म्हणाल्या, "आणि वर आईलाच बदडलं." डॉक्टरीणबाईंकडे वळून बघायची काही त्यांची छाती झाली नाही. घरी सुनेने दार उघडून "काय झालं?" विचारलं, तर "उद्या सांगते," म्हणून त्या तडक बागेत गेल्या.

अजून उजेड होता. त्यांनी पिल्लू झुडपाखाली ठेवलं. करडी जोडी डोक्यावर तुटून पडली. त्यांनी पदरसुद्धा वर घेतला नाही. "टोचा," त्या म्हणाल्या, "तुमचा हक्कच आहे." लांब जाऊन उभ्या राहिल्यावर दिसलं, आई चोचीत अळी घेऊन खाली उतरली होती.

दुसऱ्या दिवशी त्या खिडकीकडे फिरकल्याच नाहीत. कुठल्या तोंडाने फिरकणार? अकराला बेल वाजली. दारात शेजारच्या आजी, हातात टोपली, टोपलीत टॉवेल आणि टॉवेलात कालचंच पिल्लू. आजींचा चेहरा नुसता उजळला होता. त्यांनी झुडपाकडे बोट दाखवलं, पिल्लू कसं पडलं ते दाखवलं, मग दोन पक्ष्यांना छत्रीने कसं झोडपलं त्याचं साग्रसंगीत प्रात्यक्षिक केलं. दुभाष्याशिवाय बाईंना अक्षर न् अक्षर कळलं.

त्यांनी आजींचा हात धरून त्यांना झुडपापाशी नेलं, पिल्लू खाली ठेवलं. कुंपणावरच्या जोडीकडे बोट केलं, मग पिल्लाकडे, मग दोन्ही हातांचा पाळणा करून झुलवला.

आजींचा चेहरा लालेलाल झाला. छत्री चालवणारा हात त्यांनी पाठीमागे लपवला.

तेव्हा मेट्रनबाईंनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि हवेत दोनदा झाडू मारून दाखवला.

करडी जोडी तोंडाला येईल ते बोलत सुटली. दोघी म्हाताऱ्या हातात हात धरून, खाली मान घालून, सगळं ऐकून घेत उभ्या राहिल्या.