एक कुठी गेला?

चंद्रपूरजवळच्या आमच्या मूल नावाच्या गावात दहावी पास झालेल्या माणसानं हमीद मिस्त्रींच्या दुकानासमोरून जाताना सायकल जरा जोरात हाणावी. एकदा का त्यांची नजर पडली, की ते रंधा खाली ठेवतात, कानावरची पेन्सिल काढतात आणि हाक मारतात, "ये इकडं. दहावी पास ना तू? हे फळी मोज बरं."

फळी सागवानाची, बरोबर छत्तीस इंचांची. टेप तेच देतात. माणूस टेप लावतो आणि छातीठोकपणे सांगतो, "सदतीस." हमीदभाई मान डोलावतात आणि अगदी मायेनं विचारतात, "एक कुठी गेला?"

गेलेला एक टेपच्या तोंडाशी असतो. त्या टेपचा पहिला इंच तुटलेला आहे, पट्टी एक आकड्यापासूनच सुरू होते. तेव्हा मोजून झालं की एक वजा करायचा, एवढीच गोष्ट. पण शिकलेला माणूस शेवटचा आकडा वाचतो, पहिला कोण बघतो?

दिवाळीपासून हमीदभाईंना हे वेड लागलं. मोहर्लीच्या जंगल गेटावर सफारीची जिप्सी चालवणारा राजू घरासाठी दिवाण बनवून हवा म्हणून आला, त्याचे सदतीस. राइस मिलचा सुपरवायझर आला, त्याचेही सदतीस. शेजारच्या घरी मुलगी पाहायला आलेला नवरदेवसुद्धा सुटला नाही. "पोरगा चांगला आहे," हमीदभाईंनी मुलीच्या बापाला सांगितलं, "पण दाराची चौकट याच्याकडून मोजून घेऊ नका."

हे सगळं ऐकून सर्वांत जास्त मी हसायचो, कारण मी गावातल्या हायस्कुलात एकोणीस वर्षं गणित शिकवतो. मग एकदा घरातल्या कोनाड्यात पुस्तकांसाठी फळ्या बसवायच्या होत्या. हमीदभाईंनी टेप माझ्या हातात दिली. "तुमीच मोजा सर. तुमी गणिताचे." मी मोजलं, चष्मा पुसून दुसऱ्यांदा मोजलं, आकडा सांगितला. आठ दिवसांनी फळ्या आल्या आणि एकही कोनाड्यात जाईना. हमीदभाईंनी फळीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"सर, एक कुठी गेला?"

आरी मात्र त्यांनी पिशवीत घालूनच आणली होती. माझी बायको त्या दिवशी जितकी हसली, तितकी लग्नानंतर कधी हसली नसेल.

या माणसाची एकच मुलगी, निलोफर. तिला त्यांनी औजाराला कधी हात लावू दिला नाही. "तू पुस्तक धर. हे लाकूडकाम माह्यावरच संपू दे." ती माझ्याच शाळेत शिकली. दहावीला गणितात चौऱ्याण्णव. मी हौसेनं तिचा फोटो शाळेच्या फ्लेक्सवर लावला, शेजारी स्वतःचाही. पुढं ती पॉलिटेक्निकला चंद्रपूरला गेली. कधी विचारलं की हमीदभाई म्हणायचे, "शिकून राह्यली," आणि रंधा जोरात चालवायचे. पोरीच्या अभिमानानं चालवतात, असं मला वाटायचं.

मागच्या आठवड्यात शाळेच्या कपाटाचं काम सांगायला गेलो. हमीदभाई नमाजाला गेले होते. बसल्या बसल्या मी ती छत्तीस इंची फळी उचलली आणि उलटी केली. मागं पेन्सिलीनं नावं लिहिली होती. राजू जिप्सीवाला, ३७. मिलवाला, ३७. नवरदेव, ३७. मधोमध, खाली दोन रेघा मारून, "गणिताचे सर, कोनाडा, १ जास्त."

मी हसणार, तेवढ्यात आतून निलोफर चहा घेऊन आली.

"सुट्टी लागली का गं?"

"नाई सर. दिवाळीपासून इथीच आहो."

मग तिनं उभ्या उभ्याच सांगितलं. पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये तिला लाकूड मोजायला दिलं. पट्टीचं टोक झिजलेलं होतं, तिच्या ते ध्यानात आलं नाही. तिथल्या सरांनी साठ पोरांसमोर विचारलं, एक कुठे गेला? "मिस्त्रीची पोरगी म्हणून सगळे हासले. ते तर ते, सर. पण मंग वर्गातलं गणितही येईना. तुमची गणितं मले पाठ होती. आकडे बदलले का काईच सुचे नाई."

ती परत आली, त्याच रात्री हमीदभाईंनी स्वतःच्या टेपचा पहिला इंच कापला. "अब्बा रोज संध्याकाळी फळी दाखवते मले. म्हणते, पाह्य, हाही सदतीस. तू एकटी नाई."

मी लाजेनं चहा एका घोटात संपवला आणि कप खाली ठेवला. गणिताचे चाळीस प्रश्न घोकून घ्यायचे, त्यातलेच पेपरात येतात, ही माझी एकोणीस वर्षांची कीर्ती. शाळेच्या हातातले वीस गुण तर मी सगळ्यांना सरसकट वीसच्या वीस देतो, म्हणजे निकाल चांगला लागतो. पोरं पुढं जाऊन काय करतात, हे पाहायला मी कधी गेलो नव्हतो.

"निलोफर," मी म्हटलं, "तुझे ते वीस गुण मी वही न उघडता दिले होते."

"माहीत आहे सर. माही वही घरीच राहून गेली होती."

"मग बोलली का नाहीस?"

"वीस कोण वापस करते, सर?"

हमीदभाई कधी येऊन उभे राहिले, कळलं नाही. त्यांनी उलटी पडलेली फळी उचलली, फुंकर मारून भुसा उडवला.

"जूनमधी पुन्हा पाठवीन म्हणतो," ते म्हणाले. "जाते का नाई, कोण जाणे."

"उद्यापासून शाळा सुटली की मी येतो," मी म्हटलं. "आठवीच्या पुस्तकापासून सुरू करू. पाठ काही करायचं नाही." निलोफर रिकामा कप घेऊन आत गेली.

मी फळीकडं बोट केलं. "भाऊ, तेवढं माझं नाव पुसा."

हमीदभाईंनी पेन्सिल कानावर ठेवली आणि फळी भिंतीला लावली, नावांची बाजू आतल्या दाराकडं करून.

"राहू द्या सर," ते हळूच म्हणाले. "तुमचं नाव पाह्यलं त्या दिवशी पोरगी पह्यल्यांदा पोटभर जेवली. तिले लागते ते, अजून."